पहिल्या धड्यापासून

एकेकाळी आपल्याला गिटार शिकवणारे अगस्तीन सर आज आपल्याच क्लासचा जिना चढताहेत, हे पाहून रेजिनाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

मेजर स्केल ही पहिली स्वरमालिका पक्की झाल्यावर पुढची कोणती शिकायची, असं तिने तीन वर्षं त्यांना विचारलं होतं. "घाई कशाला?" एवढंच ते म्हणायचे. सर मुद्दाम हातचं राखतात, अशी तिची खात्री पटली. मग मायनर, पेंटाटॉनिक, ब्लूज या स्केल दुसरीकडे शिकून तिने वसईत त्यांच्यासमोरच क्लास थाटला आणि त्यांची निम्मी मुलं ओढून घेतली.

"रेजिना, मेजरच्या पुढचं मला तेव्हाही येत नव्हतं," सर दारातच म्हणाले. "सांगायची लाज वाटली. आता शिकवशील?"

स्वतःची लाज झाकायला या माणसाने आपली तीन वर्षं खाल्ली, हे कळल्यावर तिचा राग आणखीच भडकला.

"शिकवेन," ती म्हणाली. "पण इथे सगळ्यांना पहिल्या धड्यापासून बसावं लागतं."

सर सतरंजीवर लहान मुलांच्या रांगेत बसले. शेजारच्या चिमुरडीने त्यांना बोटं कुठे ठेवायची ते समजावलं, तेही त्यांनी निमूट ऐकून घेतलं. हेच पाहायला रेजिना इतकी वर्षं आसुसली होती. पण आता तिला तिकडे बघवेना.