सत्तावीस मिनिटं चौदा सेकंद

सकाळी रक्ताचा थेंब तपासून यंत्राने उल्काला यवतेश्वर घाट चढायला लागणारा वेळ सांगितला: सत्तावीस मिनिटं चौदा सेकंद. यंत्र कधीच चुकत नसे, म्हणून तर सहा वर्षांपूर्वी शर्यती बंद झाल्या होत्या. कुणी एका सेकंदाने जरी ते खोटं पाडलं, तरच त्या पुन्हा सुरू होणार होत्या.

उल्का धावत निघाली. तिची जुनी प्रतिस्पर्धी शमीम घड्याळ घेऊन सायकलवर सोबत होती.

शेवटच्या चढावर उल्काचे पाय जड झाले.

"एकच वळण राहिलंय गं!" शमीम ओरडली.

वळणं तीन होती. उल्काचे आप्पा दोघींचेही प्रशिक्षक, आणि ते इथे नेहमी हेच खोटं बोलायचे. दिवाळीत ते गेले, त्यानंतर आज पहिल्यांदाच कुणी ते बोललं होतं.

"खोटारडी!" उल्का धापा टाकत हसली आणि सुसाट सुटली.

माथ्यावर शमीमने घड्याळ दोनदा पाहिलं. "सत्तावीस अकरा! उल्के, चुकलं यंत्र!"

उल्का रस्त्यातच बसली. "म्हणजे शर्यत होणार," ती डोळे पुसत म्हणाली.

शमीमने सायकल झुडपात ढकलली आणि बुटांच्या नाड्या आवळल्या. "होणारच. आणि तुला मी हरवणार. ऊठ, सरावाला लागू."