जबड्यातला उजेड

"इंजेक्शन दिल्यावर तुम्ही काही चघळलं होतं का?" डॉक्टर केतकींनी तिसऱ्यांदा विचारलं.

"नाई जी," मोतीराम तिसऱ्यांदा म्हणाले. शेजारी बसलेल्या बायकोकडे, इंदूबाईंकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

समोरच्या पडद्यावर मोतीरामांचं अख्खं शरीर उभं होतं. महिन्यापूर्वी तळपायावरचा काळा डाग कापला, तर तो कातडीचा कॅन्सर निघाला. आणखी कुठे पसरलाय का, हे बघायला सौंसरहून पहिल्या बसने नागपूर गाठलं आणि पेट स्कॅन केला. जांघेतल्या गाठी साफ. फुप्फुसं साफ. यकृत साफ. फक्त दोन्ही जबडे पोळ्याच्या बैलाच्या बेगड लावलेल्या शिंगांसारखे चमकत होते.

"चघळलं नसेल, तर जबड्याचा तुकडा काढून तपासावा लागेल," डॉक्टर म्हणाल्या. इंदूबाईंनी पदर तोंडाला लावला.

आता खरी भानगड ऐका. इंजेक्शननंतर तासभर पडून राहायचं, बोलायचं नाही, खायचं नाही, असं बजावलं होतं. मोतीरामांनी सगळं पाळलं. जन्मभर नगरपंचायतीचे नळ सोडताना गावभर बडबडलेला माणूस तासभर गप्प राहिला. चहासुद्धा मागितला नाही. फक्त चादर तोंडावर ओढून तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळला. आमच्या भागात खर्रा खाण्यात धरतच नाहीत हो! तेव्हा मोतीरामांच्या हिशेबाने ते कडकडीत उपाशी होते.

पण हे सांगणार कोणत्या तोंडाने? बुद्धपौर्णिमेला विहारात सगळ्यांसमोर त्यांनी नशा न करण्याचं शील घेतलं होतं. म्हणजे इंदूबाईंनी घ्यायला लावलं होतं. "आता पुडी सापडली, तं मी रामाकोन्याले माहेरी चालली," असा वर दमही दिला होता. रोज खिशांची झडती व्हायची, म्हणून बिचारे पुडी टोपीच्या अस्तरात ठेवायचे. एकीकडे जबडा, एकीकडे इंदू. मोतीरामांना जबडा परवडत होता.

"मी का विचारते, सांगू?" डॉक्टर म्हणाल्या. "हे औषध साखरेसारखं असतं. जो स्नायू राबतो, तो ते ओढून घेतो. तुम्ही तासभर काही चघळत असाल, तर जबडे असेच चमकणार. मग तो कॅन्सर नाही."

इंदूबाईंचा पदर खाली आला. त्यांनी नवऱ्याचा दंड धरला.

"अजी, खर्रा खाल्ला म्हणा."

मोतीरामांनी मांडीवरची टोपी घट्ट धरली. पस्तीस वर्षांचा संसार होता, सापळा ओळखता येत होता.

"मी भांडत नाई. माहेरी जात नाई. खाल्ला म्हणा ना हो!" इंदूबाईंना रडू फुटलं. त्या रडण्यात कुठलाच डाव नव्हता.

"खाल्ला," मोतीराम टोपीकडे बघत पुटपुटले. "एक पुडी."

डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "मग तुकडा नको. आज तोंड तपासते, आणि पुढच्या वेळी काही न चघळता पुन्हा बघू."

इंदूबाईंनी डोळे पुसले. पडद्यावरचा डावा जबडा पाहिला, उजवा पाहिला. त्यांचा जीव पुन्हा खालीवर झाला.

"एकच? अजी, उजेड दोन्हीकडं हाय. नीट आठवा, दोन पुड्या तं असतीनच!"