अर्धा प्याला

“या गोळ्यांचा काडीचाही उपयोग नाही, आजपासून बंद!” निगोरा शेजारच्या साओदातखालाला म्हणाली आणि तुतीखाली बसून चहा ओतू लागली. नैराश्यावरच्या औषधाचा गुण दिसायला डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले होते. सहावा आज संपत होता. खाला प्याल्यात डोकावली आणि खोखो हसत सुटली. “अगं पोरी, हिवाळाभर मला प्याला काठोकाठ भरून देत होतीस. आपल्याकडे भरला प्याला म्हणजे पाहुण्याने प्यावं आणि चालतं व्हावं! मीही मुकाट्याने पिऊन उठायचे. आज बघ, अर्धासुद्धा भरला नाहीस.” निगोराने पाहिलं. खरंच, जेमतेम तीन घोट होते. हात कधी आवरला, तिला आठवेना. “मी बसावं, पुन्हा मागावं, हे तुझ्या हाताला तुझ्याआधी कळलं.” खालाने ऐसपैस मांडी घातली. “आता दुपारपर्यंत हलत नाही!” निगोराला हसू फुटलं. तिने गोळी घेतली आणि किटली पुन्हा भरली.