भूपेशच्या नावाचं पान

पाटावर बसलेला पोरगा तिसरी पुरणपोळी मोडत होता आणि कमलबाईंना त्याच्याकडे बघवत नव्हतं.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. म्हसावदात घरोघरी पितरांसाठी पाण्याची घागर भरलेली, आणि गेलेल्या माणसाच्या वयाचं कोणीतरी पितर म्हणून जेवायला बसवलेलं. तो जेवला की गेलेला जेवला. कमलबाईंच्या घरात आजचं पान त्यांच्या एकुलत्या एका लेकाच्या, भूपेशच्या नावाचं होतं.

दोन वर्षं त्यांनी हे पान मांडू दिलं नव्हतं. भूपेश नेपाळात गेला होता, धरणाच्या बोगद्यावर कामाला. नदी त्यांची, वीज आपल्याकडे येणार, असं दोन्ही सरकारांचं जमलेलं. त्याआधी पोराच्या डोक्यात दुबई होती, तेव्हा कमलबाईंनी चार दिवस अन्न सोडलं होतं. नेपाळचं ऐकून मात्र त्या हसल्या. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, ओळखपत्र दाखवायचं आणि पूल ओलांडायचा. हा कसला परदेश! सुरतेला जावं तसं जायचं. त्यांनीच हौसेनं लाडवांचा डबा भरून दिला.

मग पावसाळ्यात ती नदी फुगली आणि मजुरांच्या खोल्या घेऊन गेली. आत कोण होतं, याची यादी ठेकेदाराकडे नव्हती. भूपेशचे वडील भिला नंदुरबारपासून मुंबईपर्यंत साहेबांपुढे उभे राहिले. मुलगा कोणत्या तारखेला देशाबाहेर गेला, हे सगळ्यांनी विचारलं. त्याची नोंद कुठेच नव्हती. पुलावर कोणी नावं लिहून घेत नाही. भूपेशचं प्रेतसुद्धा हाती लागलं नाही.

यंदा भिलांनी हात जोडले. "भूपेशनी माय, आते त्याले पानी देवा. पोऱ्याले तीस लागेल व्हई."

लेक तहानलेला आहे म्हटल्यावर कुठली आई नाही म्हणेल? त्या कबूल झाल्या. पण भूपेशच्या वयाचं गावातलं एकही पोरगं पाटावर बसेना. सगळे त्याच्याबरोबर खेळलेले, शाळेत गेलेले. शेवटी भिला स्टँडवरच्या चायनीजच्या गाडीवरचा नेपाळी पोरगा घेऊन आले. कशासाठी, ते त्याला कोणी सांगितलं नाही. त्याला वाटलं, सणाचं जेवण. कपाळाला गंध लावून घेताना तो नवरदेवासारखा लाजला.

आता कमलबाई आमरसाची वाटी भरता भरता म्हणाल्या, "नाव काय रे तुन्हं?"

"लोकेंद्र." गावात सगळे त्याला बहादूर म्हणत. चार वर्षांत तो अहिराणी बोलायला शिकला होता.

"माय शे का तुले?"

"शे ना. गावले."

"फोन करस ना तिले?"

त्याचा घास हातातच राहिला. "नई. पहिले खाली हाते कसा फोन करू, असं वाटनं. मंग इतला दिन गयात, का फोन करानीच लाज वाटाले लागनी."

"तिले माहीत तरी शे का, तू जित्ता शे?"

लोकेंद्रनं मानेनंच नाही म्हटलं. तोही असाच एक पूल ओलांडून इकडे आला होता आणि त्याचंही नाव कोणी लिहून घेतलं नव्हतं. कमलबाईंच्या एकदम लक्षात आलं. तिकडे एक बाई दाराकडे डोळे लावून बसलेली, आणि तिच्या जित्या लेकाला आपण मेलेल्याच्या पाटावर बसवलंय.

"लाव फोन," त्या म्हणाल्या. "आते लाव. मन्हासमोर."

नंबर त्याला पाठ होता. डाव्या हातानं त्यानं तो लावला. "आमा," एवढंच तो म्हणाला. पलीकडून असा हंबरडा आला की दारात उभ्या असलेल्या भिलांनी तोंड फिरवलं. ती बाई काय बोलत होती, त्यातला एक शब्द कमलबाईंना येत नव्हता, आणि सगळं कळत होतं. पूर आल्यापासून फोन वाजला की त्या हातातलं काम टाकून धावल्या होत्या. लेकाचा तो आवाज या बाईला आज ऐकू आला. खरं सांगायचं तर त्यांना तिचा हेवा वाटला.

लोकेंद्र रडता रडता हसायला लागला. फोन कानापासून जरा दूर धरून म्हणाला, "माय, ती इचारी ऱ्हायनी, तू कोनाकडे जेवी ऱ्हायना? आज काय शे त्यासना घर?"

भिलांनी बायकोकडे पाहिलं. कमलबाईंनी त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली, वर तुपाची धार सोडली.

"तिले सांग," त्या म्हणाल्या, "मन्हा पोऱ्याना वाढदिवस शे."