बराकीतला होकार

इंग्रज गेले, टेकडीवरच्या त्यांच्या बराकीचं संग्रहालय झालं, पण बघायला कुणी फिरकत नसे. चौकीदार गुणाजी मात्र दर सोमवारी दार उघडून जागेच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घाली. गाऱ्हाण्याला दुसऱ्या कुणीतरी ‘व्हय म्हाराजा’ म्हटल्याशिवाय नारळ फोडायचा नसतो. म्हणून तो घसा ताणून म्हणे, “आज एखादो तरी माणूस हंय येवंदे रे म्हाराजा!” लांबलचक दालनाच्या पार टोकाकडून उत्तर येई, “म्हाराजा!” मग तो नारळ फोडी.

एका सोमवारी तपासणीला आलेल्या साहेबांनी ते ऐकलं.

“आत कोण आहे?”

“माजी बायको सुगंधा, साहेब.”

साहेब आत जाऊन आले आणि हसले. “अहो, कुणी नाही आत! गोऱ्यांना उकडू नये म्हणून छत एवढं उंच बांधलंय, त्यानं आवाज घुमतो. इथे भाषणं व्हायची आहेत. वर कापड ताणू, भिंतींना काथ्याच्या चटया लावू.”

“माका ठावक आसा, साहेब,” गुणाजी म्हणाला. “पण जिती होती तेव्हाय डबो घेवन टेकडी चढान दमायची. ‘व्हय’ म्हणूक दम पुराचो नाय, नुसतां ‘म्हाराजा’ म्हणायची.”

साहेबांनी मान डोलावली आणि भिंती मोजायला सांगितल्या.

भाषणांचा दिवस सोमवारचाच होता. गुणाजीने पहाटे गाऱ्हाणं घातलं, होकाराची वाट पाहिली, पुन्हा घातलं. मग माणसं आली. बराक पहिल्यांदाच भरून गेली.

संध्याकाळी त्याने कुलूप लावलं, तेव्हा नारळ उंबऱ्याशी तसाच होता.