उपाशी उंदरांचा सिद्धांत

सत्काराला दहा मिनिटं उरली होती. वर्तनशास्त्रज्ञ डॉ. खासनीस फेटा सावरत होते. ‘प्राणी भुकेनंच शिकतो’ हा उपाशी उंदरांना चक्रव्यूहातून पळवून मांडलेला त्यांचा सिद्धांत इतका गाजला होता, की काही शाळांनी मधली सुट्टीच रद्द केली होती.

प्रयोगशाळेतला म्हातारा शिपाई गेनू वाकून म्हणाला, “सर, एक चूक पोटात घ्या. तीस वर्षं तुमच्या उंदरांना मी चोरून भाकरी घातली. उपाशी बघवत नव्हते.”

सर फेटा सोडून गर्रकन वळले. “मग चक्रव्यूहातून धावायचे कशाला?”

“पलीकडच्या टोकाला मी उभा असायचो ना!”

सर मंचावर गेले. अध्यक्षांनी विचारलं, “उंदीर नेमके कशानं शिकले?”

मागच्या रांगेतल्या गेनूकडे न बघता सर ठामपणे म्हणाले, “भुकेनं.”

पहिली टाळी गेनूनं वाजवली.