डाव्या विंगेतून

रंगमंचावर नात वाक्याआधी थांबली आणि पहिल्या रांगेत बसलेले आजोबा पुढे सरसावले.

बाकीच्यांना वाटलं, लाजली. विद्यापीठाच्या पोरांनी जुनं संगीत प्रहसन बसवलं होतं आणि लोक दुपारपासून हसून हसून बेजार झाले होते. गाणं शिकवायला आलेला तोतया मास्तर गुडघ्यावर बसून लग्नाचं विचारतो, नायिका, म्हणजे नात, म्हणते, "आधी सूर तरी लावून दाखवा!", हशा पिकतो आणि लगेच गाणं सुरू होतं. याच नाटकाला आजोबांनी बावीस वर्षं विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग केलं होतं. पात्र मुद्दाम थांबलंय की विसरलंय, हे आपल्याला नुसत्या मानेवरून कळतं, असं ते छातीठोकपणे सांगत. पोरगी विसरली होती.

डाव्या विंगेत कोणी नव्हतं. दिग्दर्शक पोराला त्यांनी आधीच विचारलं होतं. "प्रॉम्प्टर? आम्ही ठेवत नाही आजोबा, सगळ्यांचं पाठ आहे," तो म्हणाला होता. पाठ म्हणे! पाठ तर तिच्या आजीचंही होतं.

एके काळी ही भूमिका आजीचीच होती. एका सकाळी नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं. कशावरून, ते आता आठवतही नाही. संध्याकाळी ती नेमकी याच जागी थांबली आणि तिने डाव्या विंगेकडे पाहिलं. वही त्यांच्या हातात उघडी होती. बोट वाक्याखाली होतं. त्यांनी ओठ मिटून घेतले. होऊ दे जरा फजिती, उतरू दे तोरा! प्रेक्षकांतून शिट्ट्या आल्या, पडदा पाडावा लागला. त्यानंतर ती पुन्हा रंगमंचावर चढली नाही. घरातसुद्धा कधी गुणगुणली नाही. तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. नातीच्या जन्माआधीच ती गेली, आणि आपण एका चांगल्या गळ्याचा खून केला, हा सल आजोबांच्या मनात राहिला तो राहिलाच.

आता फक्त एक शब्द द्यायचा होता. 'आधी.' आजोबांनी तोंड उघडलं. शब्द बाहेर पडला नाही. मागे कोणीतरी खुसखुसलं. नातीने मान वळवून रिकाम्या विंगेकडे पाहिलं, आणि समोर कोणी बोलत असावं तशी तिची नजर तिथे ठरली.

"आधी सूर तरी लावून दाखवा!"

हशाने सभागृह दणाणलं. आजोबा मात्र खुर्चीतून अर्धवट उठले. 'तरी'वर दिलेला तो नाजूक झटका संहितेत नव्हता, नातीला कोणी शिकवलेलाही नव्हता. तसा तो फक्त एकीच्याच तोंडी यायचा.

नाटक संपल्यावर ते थेट रंगपटात पोहोचले. नात आरशासमोर रंग पुसत होती.

"आजोबा, आज माझी लाजच जायची! विंगेत ती ताई होती म्हणून निभावलं."

"कोण ताई?"

"मला काय माहीत? वेश अगदी माझ्यासारखाच. मला वाटलं, तुमच्याच ओळखीची असेल. पडदा पडताना तुमच्याकडे बोट दाखवून म्हणाली, त्यांना निरोप दे."

आजोबांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. क्षमा असेल, नाहीतर शिव्याशाप. दोन्ही ऐकायची त्यांनी तीस वर्षं तयारी केली होती.

"काय म्हणाली?"

नातीने हातातला कापूस खाली ठेवला.

"मला तर काही कळलं नाही बाई. म्हणाली, 'त्या दिवशी मला वाक्य आठवत होतं. हे मला शब्द देतात का, तेवढंच बघत होते.'"